निसण

मौलाली पेंटरला वाचता येत नव्हतं.
हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.
गिरमल्लप्पाच्या अडतीचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीवर
शाईचा एक थेंब सांडला होता,
त्यानं थेंबही रंगवला, लाल, काळ्या सावलीसकट.
गिरमल्लप्पानं लांबून बघितलं, "भारी झालंय" म्हणाला.
त्या ठिपक्यासह तो चाळीस वर्षं तूर विकत बसला.

अक्षरं मौलाली अंगलटीवरून ओळखायचा.
"मराठीला आढं असतंय बे. आधी आढं ओढ,
मग एकेक टांग त्याला.
कानडीच्या डोक्याला तुरा.
तुऱ्याची मान जरा मोडलास की झाली तुझी तेलगू.
आन् आमची उर्दू उजवीकडनं,
म्हणून निसण आधी तिकडच्या टोकाला लाव."

मी निसण म्हणायचो.
अडतीवरचे हमाल निच्चणिके म्हणायचे,
घरी अम्मा निच्चेन.
एकच शब्द तीन दारांतून आत-बाहेर करून झिजलेला.
फक्त मौलाली सीडी म्हणायचा,
आणि चढायचा तोच.

गाव बोरी नदीकाठचं. नाव सांगत नाही,
तीन नकाशांत ते तीन तऱ्हेनं लिहिलंय.
पलीकडे निजामाचा मुलूख होता तेव्हा
वेशीबाहेर करोडगिरीचा नाका होता,
रस्त्यावर आडवा बांबू.
तेलाचा डबा, लुगडं, कोंबडी,
सगळ्यांना त्याच्यापुढं थांबावं लागे.
माझा बाप डोक्यावर सुताच्या लडी घेऊन
एक अख्खी रात्र त्याच्याखाली झोपला होता.
नाका उठला. लिलावात मौलालीनं तो बांबू घेतला,
सव्वा रुपयाला,
मधून उभा चिरला, बाभळीचे अकरा दांडे ठोकले.
बापाला दाखवला. बाप काही बोलला नाही,
तिसऱ्या दांड्यावर बोट ठेवून म्हणाला,
"इथं शिपाई पानाचा चुना पुसायचा."

मग ते साल आलं.
तालुक्याहून पोरं आली, डांबराची बादली घेऊन.
कानडी पाट्या काळ्या करायच्या होत्या,
पण पाट्या उंच, आणि निसण गावात एकच.
मौलालीनं दर सांगितला: पाटीला आठ आणे.
आदल्या रात्री आम्ही दोघं
चोथ्याच्या बोळ्यानं त्याच पाट्यांवर शेंगतेल चोळत होतो.
"का?" मी विचारलं.
"माझंच हाय ना काम. परत कोन लिहिनार बे फुकट?"
चैत्राच्या उन्हात डांबर ओघळून ओट्यावर आलं,
चनवीरय्याचं अर्धं नाव दुपारपर्यंत वर,
उरलेलं संध्याकाळी.

पंधरवड्यानं नाल्यापलीकडून बैलगाडी आली.
तिकडच्यांना मराठी पाट्या काळ्या करायच्या होत्या.
दर तोच.
तेलही तेच, हे त्यांना कळलं नाही.
मला मात्र घाण्यावर उधारी फेडताना कळलं
की त्या महिन्यात आमचा तोटा झाला.

एकच पाटी त्यानं तेल न लावता काळी केली,
नूरंदय्याच्या खानावळीची.
तिथं त्याला एकदा बाहेर बसून जेवायला सांगितलं होतं.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
आता सांगतोय, कारण तो फार चांगला होता
असं लोक म्हणायला लागलेत.

तो गेला त्या साली फ्लेक्स आला नव्हता.
दर्ग्यामागं त्याच्या उशाशी दगड बसवला,
नाव मी लिहिलं, उजवीकडून,
मस्तान मास्तरांनी दिलेल्या चिठ्ठीबरहुकूम.
मला उर्दू येत नाही. आकार येतात.
वाळल्यावर मास्तर वाकून बघत राहिले,
म्हणाले, एक नुक्ता राहिलाय.
कुठं ते त्यांनी दाखवलं. मी ब्रश धुऊन टाकला होता.
बघू, म्हणालो.

दगड गुडघ्याएवढा होता.
तरी आम्ही निसण नेली होती.
कुणीतरी ती धरूनही उभं होतं.